पट्टी उजवीकडून डावीकडे गेली आणि आई आतल्या खोलीत

पत्र सांगलीहून आलंय. मोठं आहे, म्हणून थोडं कापून देतेय.

"मावशी, मी 36 वर्षांची, लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी चौथीत आहे. मला लहानपणापासून एक सवय, सिनेमा असो की सिरीयल मला भलतंच काहीतरी दिसतं. मागच्या भिंतीवरचं बंद घड्याळ, भरलेला ग्लास पुढच्या शॉटमध्ये अर्धा, असलं. फोनमध्ये स्क्रीनशॉटचा अख्खा अल्बम आहे. गेल्या महिन्यात सासूबाईंच्या सिरीयलमध्ये हिरॉईन हॉस्पिटलमधून घरी आली, कपाळावर उजवीकडे पट्टी, आणि पाणी पिताना बघते तर पट्टी डावीकडे! मला हसू आवरेना, मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, 'आईंची सिरीयल बघा' असं लिहून. नणंद, जाऊबाई, पुण्याचे चुलत दीर सगळे हसले, मुलगीही आजीला पट्टी-पट्टी म्हणायला लागली. दुसऱ्या दिवसापासून आई हॉलमध्ये टीव्ही लावत नाहीत, आतल्या खोलीत मोबाईलवर बघतात, इअरफोन घालून. विचारलं तर म्हणाल्या तुम्हाला कशाला त्रास. तसं आमचं चांगलं जमतं हो, 'अशी ही बनवाबनवी' लागला की दोघी हातातलं काम टाकून बसतो. नवरा म्हणतो तुला खोड काढायची सवयच आहे. मावशी, मी हे सगळं सोडून देऊ का?

ता. क. इंग्रजी सिनेमांत माणूस पडताना मला एकच किंकाळी ऐकू येते, वेगवेगळ्या सिनेमांत तीच. नवरा म्हणतो भास आहे."

अगं, आधी ता. क. चंच घेते, कारण ते वाचून मी ताठ उठून बसले. भास नाहीये तो! नवऱ्याला आजच सांग. ती किंकाळी खरोखर एकच आहे आणि तिला नावसुद्धा आहे, विल्हेल्म किंकाळी म्हणतात तिला. 1951 साली 'डिस्टंट ड्रम्स' नावाचा अमेरिकन सिनेमा आला होता, त्यात सैनिक दलदलीच्या पाण्यातून चाललेले असतात आणि एकाला मगर धरून ओढून नेते, तेव्हा तो जो ओरडतो ना, ती ही. आवाज बहुधा शेब वूली नावाच्या नटाचा, तो गायकही होता. स्टुडिओने ते रेकॉर्डिंग ठेवून दिलं आणि 1953 च्या 'द चार्ज ॲट फेदर रिव्हर' मध्ये विल्हेल्म नावाच्या शिपायाच्या पायात बाण घुसतो तिथे तेच पुन्हा वापरलं. पुढे बेन बर्ट नावाचे साऊंड डिझायनर जुनी रेकॉर्डिंग्ज धुंडाळत असताना त्यांच्या कानाला ते लागलं, त्यांनी त्या शिपायावरून नाव ठेवलं आणि 1977 च्या 'स्टार वॉर्स' मध्ये एक शिपाई गोळी लागून खोल खाली पडतो तिथे ती किंकाळी घातली, मग इंडियाना जोन्सच्या सिनेमांत घातली, आणि मग बाकीच्या साऊंडवाल्यांनीही ती उचलली, ओळखीच्या माणसाला गर्दीत लांबून हात करावा तशी. आज ती शेकडो सिनेमांत आहे. आणि हिंदीत डब केलेल्या सिनेमातही ती तशीच राहते बरं का, कारण डबिंग करताना संवादांचा ट्रॅक बदलतात, पण संगीत आणि बाकीचे आवाज मूळचेच असतात, त्यामुळे तू टीव्हीवर हिंदीत बघितलं असशील तरी ऐकू आली असणारच.

आता मला सांग, हे तुला कुणी शिकवलं होतं का? ज्यांचा आवाज हाच धंदा आहे अशा माणसाने जुन्या टेपा ऐकून जे पकडलं ते तू सांगलीत हॉलमध्ये बसून, मागे कुकरची शिट्टी चालू असताना पकडलंस. म्हणून 'सोडून देऊ का' याचं उत्तर आहे, नको. अजिबात नको गं. असं बारीक बघणारी-ऐकणारी माणसं फार थोडी असतात, बाकीच्यांच्या डोळ्यासमोरून सगळं नुसतं वाहून जातं.

पण पट्टीचं जे झालं ते झालंय, आणि ते तुलाच निस्तरायचंय.

बघ, पट्टी दिसली यात काही चूक नाही. हसलीस यातही नाही. चूक झाली ती व्हिडिओखालच्या तीन शब्दांत, 'आईंची सिरीयल बघा'. ती सिरीयल आईंची कुठे आहे? त्यांनी लिहिली नाही, शूट केली नाही, पट्टीही त्यांनी चिकटवली नाही. पण तू 'आईंची' म्हणालीस आणि सगळं घर हसलं, मग ते हसू कुणाच्या पदरात पडलं? सेटवरच्या मेकअपवाल्याला तर कळलंही नाही सांगलीत काय झालं ते. त्यात ग्रुपवर सगळ्यांसमोर, त्यात लेक हसली, त्यात नात चिडवायला लागली. नातीचं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मला मात्र सगळ्यात जास्त तेच टोचलं. नणंदा-जावा हसल्या तर बाई एकवेळ सोडून देते, पण मांडीवर वाढवलेली नात आपल्याला चिडवते आणि तिला ते घरातूनच मिळालंय हे कळतं, तेव्हा बाई उठून आतल्या खोलीतच जाते, दुसरं काय करणार.

तुला माझ्या आईची गोष्ट सांगते, मी ही सदरात आधी कधी लिहिलेली नाही. 'अमर अकबर अँथनी' 1977 चा, आमच्या गावात जरा उशिराच लागला होता, आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन गेली होती. आई सिव्हिलमध्ये नर्स, नाईट ड्युटी करून दुपारी जेमतेम झोपून आली होती. तुला तो सीन आठवत असेल, निरुपा रॉयला अपघात होतो आणि विनोद खन्ना, ऋषी कपूर, अमिताभ तिघं ओळीने पलंगांवर झोपून रक्त देतायत, तिघांच्या नळ्या वर जातात, रक्त वर चढतं, एका बाटलीत जमा होतं आणि तिथून खाली आईच्या हातात. त्याच सीनवर सिनेमाची नावंही सुरू होतात. माझा भाऊ तेव्हा अकरावी सायन्सला, घरी येताना तो रस्ताभर तेच, रक्त वर कसं चढेल, गुरुत्वाकर्षण आहे की नाही, रक्तगट तरी तपासला का, आणि आई रडली होती त्या सीनला त्यावरून तिला म्हणाला तू नर्स असून रडलीस कशी. आई चालता चालता थांबली. म्हणाली, "अरे रोज बाटल्या मीच लावते ना, रक्त वर चढत नाही हे मला तुझ्याकडून कळायचंय का? तीन पोरं एकाच आईला रक्त देतायत आणि चौघांपैकी कुणालाच माहीत नाही, ते बघून रडले मी." आणि पुढे चालायला लागली. भाऊ घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून माझं पक्कं मत झालंय की ज्याला सिनेमात चूक दिसत नाही असं आपण धरून चालतो, त्याला ती बहुतेक वेळा दिसलेली असते, फक्त त्याच्या लेखी त्या वेळी दुसरं काहीतरी जास्त महत्त्वाचं असतं. तुझ्या सासूबाईंनाही पट्टी दिसली असणार बघ. रोज अर्धा तास, वर्षानुवर्षं त्याच माणसांचे चेहरे बघणारी बाई आहे ती. पण ती पोरगी मरणाच्या दारातून घरी आली होती, आणि त्या तिच्याकडे बघत होत्या.

आता तू म्हणशील मावशी मग मी काय करू, डोळे मिटू का? नाही. तुला पट्टी दिसते ना, मग जरा पुढे जाऊन बघ, ती फिरली कशी. खरी मजा तिथे आहे, आणि आईंना तुझ्याबरोबर हॉलमध्ये परत आणायचा रस्ताही मला तिथूनच दिसतोय.

रोजच्या सिरीयलचं कसं असतं माहितीये का, अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांचं काम असतं, ते रोज तयार व्हावं लागतं, आणि शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही. हॉलचे सीन असले की हॉलचे सगळे एकदम उरकतात, मग बेडरूमचे, मग अंगणातले. म्हणजे दारातून आत येणं सकाळी शूट झालं आणि पाणी पिणं संध्याकाळी, मधे तिने दोनदा साडी बदलली, एकदा दागिने घालून लग्नाचा सीनही दिला, मग पुन्हा पट्टी. कंटिन्युइटी बघायला माणूस असतो, फोटो काढून ठेवतात, कुठली बांगडी कुठल्या हातात ते लिहून ठेवतात, तरी बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये एखादी गोष्ट सुटते. त्यांच्याकडे वेळच नसतो गं. आणि ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही ढीगभर असतात त्यांचंही सुटतंच की. 2019 च्या मे महिन्यात 'गेम ऑफ थ्रोन्स' च्या शेवटच्या सीझनमध्ये, राजवाड्यातल्या मेजवानीत, जुन्या काळचे पेले मांडलेले आणि त्यात चक्क कॉफीचा कागदी कप, झाकणासकट! जगभर लोकांनी स्क्रीनशॉट काढले, सगळे म्हणाले स्टारबक्सचा कप, आणि खरं तर तो स्टारबक्सचा नव्हताच, सेटवरच्या चहा-कॉफीच्या टेबलावरचा साधा कप होता. चॅनलवाल्यांनी चूक कबूल केली, राणीने हर्बल टी मागवला होता अशी गंमतही केली, आणि दोन दिवसांत तो कप त्या भागातून कॉम्प्युटरवर पुसूनही टाकला. तुझ्याकडे आधीचा स्क्रीनशॉट असला तर जपून ठेव, आता बघायला गेलीस तर तिथे कप नाही.

पण पट्टीचं आणखी एक कारण असू शकतं आणि ते मला फार आवडतं. कधी कधी मेकअपवाला बरोबर असतो, पट्टी जागच्या जागी असते, आणि शॉटच उलटवलेला असतो. म्हणजे एडिटिंगच्या टेबलावर लक्षात येतं की ही डावीकडे बघतेय आणि समोरचाही डावीकडेच बघतोय, दोघं एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नाही, परत शूट करायला सवड नाही, मग एडिटर तो शॉट आरशात दिसतो तसा आडवा फिरवून टाकतो. नजर जुळते पण बाकीचंही सगळं फिरतं. भिंतीवर आकड्यांचं घड्याळ असलं तर आकडे उलटे, दुकानाची पाटी असली तर अक्षरं उलटी, पुरुषांच्या शर्टाची बटणं दुसऱ्या बाजूला.

आणि बायकांचं काय फिरतं? पदर!

आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर. शॉट उलटवला असेल तर पदर उजव्या खांद्यावर जाणार, चमकी डाव्या नाकपुडीतून उजवीत जाणार. म्हणजे तुझ्या त्या व्हिडिओत पट्टी डावीकडे गेली तेव्हा पदर जर जागेवरच होता, तर पट्टी लावणाऱ्याचा हात चुकला. पण पदरही खांदा बदलून गेला असेल तर पट्टी बिचारी जागेवरच आहे, चित्र उलटलंय. (सिरीयल गुजराती घरातली असेल तर मात्र हिशोब वेगळा, त्यांचा पदर उजव्या खांद्यावरूनच पुढे येतो.)

आता विचार कर, हे तुला आधी दिसेल की सासूबाईंना? चाळीस-पंचेचाळीस वर्षं नेसलेली बाई आहे, पदर कुठल्या खांद्यावर, निऱ्या कुठल्या बाजूला खोचल्यात, मंगळसूत्राची वाटी कशी पडलीये हे त्यांच्या नजरेला सांगावं लागत नाही. या कामात त्या तुझ्यापेक्षा वरचढ आहेत, फक्त त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. तू त्यांना चुका दाखवत बसलीस, त्यांना काय दिसतं हे विचारलंस का कधी?

तर असं कर. आधी माफी, आणि ती तोंडाने. ग्रुपवर सॉरीचं फूल टाकू नकोस, आणि व्हिडिओ डिलीट फॉर एव्हरीवन करायची मुदत तर केव्हाच गेली. दुपारी भाजी निवडताना, घरात दोघीच असताना म्हण, आई त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुमचं हसं केलं, माझं चुकलं. एवढंच. पुढे 'पण मी सहज' वगैरे काही जोडू नकोस, तो 'पण' आला की माफी संपते. त्या म्हणतील जाऊ दे गं, तरी लगेच हॉलमध्ये येतील असं नाही, आल्या नाहीत तर दोन-चार दिवस जाऊ दे.

मग मुलीशी बोल. तिला रागावू नकोस, तिने तुझंच बघून केलंय. तिला 'रसोडे में कौन था' ची गोष्ट सांग, गाणं तिला पाठ असेलच. 'साथ निभाना साथिया' मधला सीन, कोकिलाबेन विचारतात स्वयंपाकघरात कोण होतं, आणि राशीने कुकरमधले चणे काढून रिकामा कुकर गॅसवर चढवलेला. हा संवाद किती वर्षं टीव्हीच्या ढिगात पडून होता, आणि ऑगस्ट 2020 मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या यशराज मुखातेने त्याला चाल लावली. सगळा देश हसला, लॉकडाऊनमध्ये माणसं हसायला आसुसलेलीच होती म्हणा. पण नीट आठव, त्या व्हिडिओत सिरीयल बघणाऱ्या बायकांना कुणी वेड्यात काढलंय का? नाही. कोकिलाबेनच्या बोलण्यात एक ठेका आहे हे त्या पोराने ऐकलं, अगदी तू किंकाळी ऐकलीस तसंच, आणि त्या ठेक्याखाली त्याने वाद्यं ठेवली. त्या भूमिकेतल्या रूपल पटेल यांनीही त्याचं कौतुकच केलं. आणि गंमत बघ, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिरीयलचा दुसरा सीझनही आला. मुलीला विचार, पट्टी-पट्टी म्हणून चिडवलं त्यात आजीला हसता आलं का, आणि कुकरच्या गाण्यावर आजी हसेल का. चौथीतल्या पोरीला एवढं बरोबर कळतं.

आणि मग एखादा रविवार बघून 'बनवाबनवी' लाव. मुद्दाम हाच, कारण तो तुमच्या दोघींचा आहे, तिथे कुणी कुणाला शिकवत नाही. सिनेमा चालू असताना बोलायचं नाही आणि पॉज करायचा नाही, हा नियम कायमचा करून टाक, जे दिसेल ते मनात ठेव आणि संपल्यावर चहा घेताना काढ. धनंजय माने, परशुराम, सुधीर, शंतनू, चौघं झाले की मग आईंना सांग की ही गोष्ट मुळात ऋषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या 'बीवी और मकान' ची आहे, त्यातही घर मिळावं म्हणून मित्रांपैकी दोघं बायका होतात. कुणी सांगावं, आईंनी तो बघितलाही असेल, मग तू ऐक आणि त्यांना बोलू दे.

आणि त्याच्याही मागे जायचं असेल तर 1913 ला जा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', तारामती करायला बाईच मिळेना. तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांच्या नजरेस पडले आणि तेच तारामती झाले. आपल्या सिनेमाची पहिली नायिका म्हणजे एक बाप्या! पुढे 1917 च्या 'लंका दहन' मध्ये तर साळुंके राम पण तेच आणि सीता पण तेच. आता हिशोब कर, 1913 ला बाई मिळेना म्हणून बाप्याने साडी नेसली आणि 1988 ला घर मिळेना म्हणून परशुरामाची पार्वती आणि सुधीरची सुधा झाली, मधे बरोबर 75 वर्षं. हे मला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी घरभर फिरून ज्याला-त्याला सांगत होते. आईंना सांगून बघ, मला वाटतं त्यांना स्क्रीनशॉटपेक्षा हे जास्त आवडेल, कारण यात कुणाची फजिती नाही आणि लक्ष्मीकांत बेर्डे पदर सावरताना पुढच्या वेळी दिसले की त्यांच्या मागे अण्णा साळुंकेही दिसायला लागतात.

पट्टीचा विषय त्यानंतर काढ. व्हिडिओ तुझ्या फोनमध्ये आहेच. त्यांच्या शेजारी बस, आवाज बंद कर आणि विचार, आई इथे पदर बघा बरं, काय वाटतं. उलटवलेल्या शॉटचं आधी सांगू नकोस. अजिबात सांगू नकोस, ओठ घट्ट धर. त्यांचं त्यांना दिसू दे, त्या म्हणतील अगं हिचा पदर असा कसा, मग तू म्हण का बरं असेल, आणि मग सांग एडिटिंगचं. स्वतःला सापडलेली गंमत आणि दुसऱ्याने दाखवलेली गंमत यात किती फरक असतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार, तू तर अख्खा अल्बम जमवलायस. एवढी वर्षं घरात एकटीच शोधतेयस, आता जोडीदार शोधायला गावभर फिरायला नको.

आणि जे काही त्या शोधतील ते ग्रुपवर टाक, त्यांना विचारून, त्यांच्या नावाने. 'आईंनी पकडलं' असं लिही. हसं सगळ्यांसमोर झालं ना, मग कौतुकही तिथेच व्हायला पाहिजे, त्याच नणंदेसमोर आणि त्याच पुण्याच्या दिरांसमोर.

एक मात्र सांभाळ, ग्रुपवर टाकायच्या आधी खरं-खोटं बघत जा. या असल्या शोधांमध्ये थापा फार फिरतात. 1987 च्या 'थ्री मेन अँड अ बेबी' या अमेरिकन सिनेमात खिडकीच्या पडद्याआड एक मुलगा उभा दिसतो, लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले की ते त्या घरात मेलेल्या मुलाचं भूत आहे. मेलेला मुलगा वगैरे कुणी नव्हता, घरही नव्हतं, तो स्टुडिओत उभारलेला सेट होता, आणि पडद्याआड उभा होता तो त्याच सिनेमातल्या नटाचा, टेड डॅन्सनचा, पुठ्ठ्याचा कटआऊट. तशीच ती चार्ली चॅप्लिनच्या 1928 च्या 'द सर्कस' च्या प्रीमियरला काढलेली क्लिप, त्यात एक बाई कानाला काहीतरी लावून बोलत चाललीये आणि खाली लिहिलेलं असतं की बघा 1928 मध्ये मोबाईल. 2010 मध्ये ती फार फिरली, अजूनही येते. जाणकारांचं म्हणणं की कानाला लावायचं तेव्हाचं ऐकण्याचं यंत्र असणार ते. मला तर भुतापेक्षा तो पुठ्ठ्याचा माणूसच जास्त मजेदार वाटतो, सेटवर कुणीतरी तो खिडकीपाशी ठेवून विसरून गेलं आणि त्याने अर्ध्या जगाची झोप उडवली.

नवऱ्याचं राहिलं. 'खोड काढायची सवय' म्हणाला ते अर्धं त्या व्हिडिओमुळे म्हणाला असेल, त्याच्या आईचं हसं झालं होतं ना, त्यालाही लागलंच असेल, ते तुला बोलून दाखवायचं त्याला जमलं नाही. त्याच्याशी वाद घालू नकोस. त्याला एक दिवस ती किंकाळी नेटवर शोधून दोनदा ऐकव, आणि मग 'स्टार वॉर्स' लाव, तो शिपाई पडेपर्यंत गप्प बस. ऐकू आली की तो आपणहून वळून तुझ्याकडे बघेल.

आणि हो, सासूबाईंना सीआयडी आवडत असेल, शिवाजी साटम म्हणजे आपलाच माणूस, तर त्यांना एक विचार. 2004 मध्ये सीआयडीवाल्यांनी 111 मिनिटांचा एक अख्खा भाग एकाच शॉटमध्ये केला होता, मधे एकही कट नाही, कॅमेरा एकदा सुरू झाला तो शेवटालाच बंद, त्याची रेकॉर्डमध्ये नोंदही झाली. त्यांना विचार, अशा भागात पट्टी इकडची तिकडे जाऊ शकेल का? एक चहा होईल एवढ्या वेळ तुम्ही दोघी त्यावर बोलाल.

तो पट्टीचा व्हिडिओ मला पाठवू नकोस. पदर कुठल्या खांद्यावर होता एवढंच कळव, आणि ते आईंना विचारून कळव.